उतरता येईल अशी सायकल

आमच्या परतवाड्याच्या घराच्या पडवीत सात महिने एक सायकल भिंतीला टेकून उभी होती. काळी, चकचकीत, जाड टायरांची, पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी. पुण्याच्या मुलाने ती वडिलांच्या सदुसष्टाव्या वाढदिवसाला पाठवली होती. पहिले दोन दिवस सोडले तर तिच्यावर कुणी बसले नाही. पुढे तिच्या हँडलला बाजाराच्या पिशव्या अडकवण्याची मला सवय लागली, आणि नानांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तिच्याकडे पाहणेच सोडून दिले. वाचकहो, ज्यांच्या घरात आजारातून उठलेले माणूस आहे त्यांच्याकडेही अशी एखादी वस्तू असेलच. प्रेमाने आलेली, आणि म्हणूनच टाकूनही देता न येणारी.

त्याआधीच्या डिसेंबरात नानांची अँजिओप्लास्टी झाली होती. दोन स्टेंट बसले. एप्रिलपर्यंत ते रोज पाऊण तास फिरू लागले होते आणि डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर सायकल चालवायलाही हरकत नाही म्हणून सांगितले होते. मुलाने ते ऐकले आणि आठ दिवसांत खोके दारात आले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी नाना पडले. ते पडले तेव्हा सायकल चालत नव्हती, थांबली होती. घरासमोर येऊन त्यांनी ब्रेक लावला, डावा पाय टेकवायला गेले, तो जमिनीपर्यंत पोहोचला नाही. उजवा पाय सीटवरून मागे फिरवता फिरवता सायकलीसकट डाव्या अंगावर कोसळले. हाड मोडले नाही. पण रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असल्यामुळे कमरेपासून गुडघ्यापर्यंत मांडी जांभळी झाली, आणि तो रंग उतरायला तीन आठवडे लागले. मी रोज तो डाग पाहत होते. एके दिवशी म्हणाले, ‘‘विकून टाका ती सायकल.’’ नाना काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी चिखलदऱ्याचे नावही काढले नाही, आणि ते मला सायकलीपेक्षा अधिक लागले.

चिखलदरा म्हणजे आमच्यासाठी सहलीचे ठिकाण नव्हे. नानांच्या शिक्षकीची पहिली पाच वर्षे तिथे गेली. अचलपूरचा हा मुलगा लहानपणी शकुंतला गाडीशी सायकलने शर्यत लावायचा (मूर्तिजापूर-अचलपूरची ती चिमुकली गाडी १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे, आणि तिला हरवणे म्हणजे फार मोठा पराक्रम होता असे मी म्हणणार नाही). नोकरी लागल्यावर हीच दांडीची लोखंडी सायकल एसटीच्या टपावर टाकून ते वर गेले. सुटीच्या दिवशी कच्च्या वाटांनी आसपासच्या कोरकू पाड्यांवर जायचे, येताना मोथ्याहून खवा आणायचे. लग्नानंतर मी वर गेले तेव्हा त्याच सायकलीच्या कॅरिअरवर बसून मी प्रथम गाविलगडाची तटबंदी पाहिली. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला तो किल्ला, आणि भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले ते हे कीचकदरा, या दोन्ही गोष्टी नाना वर्गात शिकवावे तसे सांगत होते. माझे सगळे लक्ष कॅरिअर हातात घट्ट धरण्याकडे होते. माझ्या दिरांचे तिथे छोटे घर आहे. दर हिवाळ्यात महिनाभर आम्ही तिथे राहतो. मुलाने सायकल दिली ती मुळात या वाटांसाठी. त्याच्या लहानपणी त्याने वडिलांकडून त्यांचीच वर्णने ऐकली होती.

मी मात्र त्या सात महिन्यांत सांभाळण्याच्या नावाखाली बरेच काही काढून घेतले होते. आधी स्कूटरची किल्ली, मग बाजाराची पिशवी, मग माडीवर जाणे. प्रत्येक वेळी कारण होते आणि प्रत्येक कारण खरे होते. नोव्हेंबरच्या तपासणीला मी डॉक्टरांना, नानांना बाहेर बसवून, विचारले, ‘‘यांनी आता सायकलचा नाद सोडावा असे तुम्हीच सांगाल का?’’ ते वयाने माझ्या मुलाएवढे असतील. त्यांनी उलट मला विचारले, ‘‘काकू, तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे? हृदयाची, की पडण्याची?’’ मला उत्तर देता येईना. दोन्ही भीती एकमेकींत इतक्या मिसळून गेल्या होत्या की त्या वेगळ्या करता येतात हेच ध्यानात आले नव्हते.

हृदयाचा भाग त्यांनी आपल्याकडे घेतला. इको झाला, पट्ट्यावर चालवून घेण्याची चाचणी झाली. ती समाधानकारक आली तेव्हा त्यांनी मर्यादा सांगितल्या. मध्यम श्रम, आधी दहा मिनिटे हळूहळू सुरुवात, शेवटीही एकदम न थांबता वेग उतरवत आणणे, भरल्या पोटी नाही, आणि हिवाळ्यात ऊन चढल्याखेरीज नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि पहाटेच्या गारठ्यात केलेले श्रम हृदयाला महाग पडतात. वर हवा विरळ असेल का, हेही मी विचारले. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो, तेव्हा ती काळजी नको, असे कळले. नाडी मोजत बसण्यातही फारसा अर्थ नव्हता, कारण नानांना चालू असलेली एक गोळी नाडीचा वेग मुळातच वाढू देत नाही. घड्याळात आकडा बेताचा दिसतो आणि माणूस मात्र दमलेला असतो. अशा औषधावर असलेल्यांसाठी सोपी कसोटी बोलण्याची. श्रम करताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. ते तुटू लागले की वेग कमी करायचा. ‘‘आणि पडण्याचे,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘ते सायकलवाल्याला विचारा.’’

परतवाड्यात नानांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, पण चाळीस वर्षांत त्यांच्या हातून सायकलीच्या सगळ्या पिढ्या गेल्या आहेत. आम्ही ती काळी सायकल ढकलत त्यांच्याकडे नेली. चालवून दाखवू का, म्हणून नाना विचारू लागले. मिस्त्री म्हणाले, ‘‘चालवाचं मंग पाहू, गुरुजी. आधी चढून उतरून दाखवा.’’ नाना चढले कसेबसे. उतरताना मिस्त्रींनीच त्यांचा दंड धरला. ‘‘हे घोडं तुमचं न्हाई,’’ एवढेच म्हणाले.

वाचकहो, या लेखातले एकच काही तुमच्या उपयोगी पडायचे असेल तर ते मिस्त्रींचे हे वाक्य असेल. दुकानात आपण सायकल बसून पाहतो, फार तर गल्लीत एक फेरी मारतो. उतारवयातले बरेच अपघात मात्र चढता-उतरताना आणि थांबताना होतात, आणि डोंगरवाटेवर तर दर शंभर पावलांवर कुठे ना कुठे अचानक थांबावे लागते. म्हणून सायकलीच्या वरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, दोन्ही टाचा टेकवून उभे राहा. रस्त्यावरच्या सायकलीला दांडी आणि अंग यांत दोन बोटांचे अंतर चालून जाते. ओबडधोबड वाटेसाठी निदान चार बोटे मोकळी हवीत, कारण तिथे पाय टेकतो ती जागा चाकाखालच्या जागेपेक्षा खोल असू शकते. नानांची उंची १६३ सेंटिमीटर. ती सायकल उंच तरुणाच्या मापाची होती. मुलाने मापाचा तक्ता न पाहता, मोठी सायकल म्हणजे भरभक्कम सायकल अशा समजुतीने मागवली होती.

पाय टाकण्याची रीतही मिस्त्रींनी नव्याने शिकवली. सायकल सरळ उभी धरून टांग मारू नये. दोन्ही ब्रेक दाबून ती स्वतःकडे चांगली कलती करावी, म्हणजे सीट खाली येते, मग उजवा पाय पलीकडे न्यावा आणि त्यानंतर सायकल सरळ करावी. उतरताना तेच उलट. ज्यांचा खुबा फारच ताठर झाला असेल त्यांच्यासाठी दांडी खाली झुकवलेल्या सायकली मिळतात. पुरुषांना त्या ‘लेडीज’ वाटतात आणि म्हणून नको असतात. आमच्याकडेही हा संवाद झाला. नानांचा खुबा बरा होता म्हणून मी तो लांबवला नाही, एरवी लांबवला असता.

मग नव्या सायकलीचा शोध सुरू झाला. अमरावतीच्या तीन दुकानांत आम्ही गेलो. विक्रेत्यांशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. डोंगरी सायकल जन्माला आली तीच वेगाने खाली उतरण्याच्या हौसेतून. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने खाली सोडत. १९७६मध्ये त्यांनी त्याची शर्यतच सुरू केली. मागच्या चाकातला ब्रेक उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. तेव्हापासून या सायकलीतली बहुतेक सुधारणा वेग, उड्या आणि धाडस यांच्या दिशेने झाली आहे. विक्रेताही तुम्हाला तेच विकत असतो. आपल्याला हवी असते ती दहा किलोमीटर मुरमाच्या वाटेने जाऊन धड परत आणणारी सायकल. त्यामुळे दुकानात सर्वांत महाग जे असते त्यातले बरेच आपल्याला नको असते.

मागचे शॉक त्यातलेच. ऐकायला आरामदायी वाटतात, विशेषतः कंबर दुखणाऱ्याला. पण स्वस्त सायकलीतल्या मागच्या शॉकमुळे प्रत्येक पॅडलबरोबर सायकल हिंदकळते, पायाची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते, वजन दोन-तीन किलोंनी वाढते आणि सांध्यांतली बेअरिंगे खराब झाली की तालुक्याच्या गावी दुरुस्ती होत नाही. चांगल्या प्रतीचे मागचे शॉक असलेली सायकल आमच्या ऐपतीबाहेरची होती. आम्ही मागून घट्ट आणि पुढे फक्त १०० मिलिमीटर दबणारा काटा असलेली, म्हणजे ज्याला ‘हार्डटेल’ म्हणतात ती, घेतली. पुढचा काटा सपाट रस्त्यावर कळ फिरवून बंद करता येतो. परतवाड्याच्या डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग होतो.

धक्के झेलण्याचे काम खरे तर टायर करतात. सव्वादोन इंच रुंदीच्या टायरात हवा बेताची ठेवली की मुरमातले खडे टायरातच जिरतात आणि मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. नानांचे वजन ६२ किलो आहे, त्यांना २८ ते ३० पौंड पुरते. आपल्याकडे पंक्चरवाला टायर दगडासारखा टणक करून देतो आणि गिऱ्हाईकही खूश होते. डोंगरवाटेवर असा टायर खड्यावरून उसळतो आणि घसरतो. शंभर रुपयांची टायरची हवा मोजण्याची पट्टी घरी ठेवा. फार कमी हवाही वाईट, धारदार दगडावर ट्यूब चिमटीत सापडून फाटते. चाक २९ इंचाचे घ्यावे की साडेसत्तावीसचे, यावर दुकानात दोन मुलांनी आमच्यादेखत वाद घातला. मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाते हे खरे. पण बुटक्या माणसाला त्यामुळे सायकलीचा पुढचा भाग उंच पडतो आणि वळणे अवघड होतात. आम्ही साडेसत्तावीस घेतले.

ब्रेकवर मात्र मी अडून बसले. साठीनंतर हाताची पकड कमी होते, संधिवात असेल तर आणखीच. साधा तारेचा ब्रेक लांब उतारावर दाबून धरताना बोटे आंबतात. तेलावर चालणारा डिस्क ब्रेक एका बोटाने लागतो. नानांनी मिस्त्रींना विचारले, तुम्हाला हा दुरुस्त करता येईल का? ‘‘न्हाई येत. त्याचं तेल अमरावतीलेच बदलाव लागते,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘पण घ्या गुरुजी. तार तुटते थे खालीच तुटते, उतारावर.’’ ब्रेकचा दांडा हँडलपासून किती दूर असावा हे एका बारीक स्क्रूने कमी-जास्त करता येते. लहान पंज्याच्या माणसाने, आणि बायकांनी तर नक्कीच, दुकानातच ते करून घ्यावे. कोणता दांडा पुढच्या चाकाचा, हेही पहिल्याच दिवशी पाहून हातात बसवून घ्या. उतारावर पुढचाच ब्रेक कचकन दाबला तर माणूस हँडलवरून जातो.

गिअर किती, हा प्रश्न सगळे विचारतात. किती, यापेक्षा सर्वांत हलका कोणता, ते विचारावे. नानांच्या जुन्या सायकलीसारख्या सायकलीला पुढे ४४ दातांचे चाक आणि मागे १८ दातांचे असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणून चढावर उभे राहून, छाती फुटेपर्यंत जोर लावावा लागे. नव्या सायकलीला पुढे सर्वांत लहान चाक २२ दातांचे आणि मागे सर्वांत मोठे ३६चे आहे. त्यात एका फेऱ्यात ती एक मीटर तीस सेंटिमीटरच जाते. चढ तोच असतो, पण तो चौपट लहान घासांनी खाल्ला जातो. गुडघ्यावर आणि हृदयावर एका वेळी पडणारा भार त्यामुळे कमी राहतो. आजकाल पुढे एकच चाक असलेल्या सायकलींची चलती आहे, त्या वापरायला सोप्या आहेत. पण स्वस्तातल्या अशा सायकलींत हा सर्वांत हलका गिअर मिळेलच असे नाही. दात मोजून घ्या, लाजू नका. आम्ही दुकानात बसून मोजले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. रुंद, मऊ, स्पंजाची गादी पाहून मोहात पडू नये. अर्ध्या तासानंतर तीच रुतते आणि मांडीच्या सांध्यात मुंग्या येतात. बैठकीची दोन हाडे जिच्यावर नीट टेकतील अशी बेताची कठीण गादी बरी, आणि दर दहा मिनिटांनी पॅडलवर क्षणभर उभे राहावे. प्रोस्टेटचा त्रास किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मानेचे दुखणे असेल तर हँडल थोडे वर आणि जवळ घ्यावे. त्यासाठीचा लहानसा भाग फार महाग नसतो. हेल्मेटविषयी मी काही पटवून देणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालय गाठावे लागते, एवढे सांगितले की पुरे.

विजेची सायकलही आम्ही पाहिली. पॅडलला मदत करणारी २५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल आपल्याकडे मोटार वाहनांत धरत नाहीत, परवाना लागत नाही. चढावर ती हृदयाचे ओझे खरोखर कमी करते, आणि ज्यांना चाचणीत मर्यादा सांगितली आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा. नानांना ती आवडली. मी मात्र ती उचलून पाहिली. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत आणि सायकल वीस किलोंच्या वर होती. ती अंगावर कलती करून उतरण्याची मिस्त्रींची रीत त्या वजनापुढे टिकली नसती. आणखी पाच वर्षांनी कदाचित आम्ही तीच घेऊ, तोवर ती हलकीही झालेली असेल.

एक गोष्ट राहिली होती, मुलाला कळवण्याची. त्याने दिलेली सायकल अमरावतीतल्या एका तरुणाला विकली, हे मी फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘‘आई, बाबा पडले होते हे मला कुणीच सांगितलं नाही.’’ खरेच होते. त्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघांनीही ते लपवले होते, आणि तो सात महिने दर रविवारी ‘‘बाबा, सायकल कशी चाललीय?’’ असे विचारत होता. दुसऱ्या दिवशी त्याने सीटखालच्या नळीचा आतला व्यास मोजून कळवायला सांगितला. आठवड्याने पार्सल आले. त्यात सीटची दांडी होती, अंगठ्याने कळ दाबून अंगाचा भार दिला की सीट चार इंच खाली नेणारी आणि कळ पुन्हा दाबली की वर आणणारी. डोंगरउतारावर सायकल चालवणाऱ्यांसाठी ती निघाली. पण उपयोग कुणाला अधिक होत असेल तर तो आमच्या वयाच्या माणसांना, असे मला वाटते. पॅडल मारताना गुडघ्यासाठी सीट उंच हवी. टाच पॅडलवर ठेवली असता खाली गेलेला पाय सरळ व्हावा, म्हणजे पंजाने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघेदुखीची बरीच तक्रार सीट खूप खाली ठेवल्याने असते. थांबताना मात्र तीच सीट खाली हवी, म्हणजे दोन्ही पाय भुईला लागतात. ही दांडी दोन्ही देते. मिस्त्रींनी ती बसवली, दहा वेळा वर-खाली करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हे पोरानं बराबर केलं.’’

जानेवारीत आम्ही वर गेलो. पावसाळ्यात चिखलदरा पाहायला सुंदर असते. पण तेव्हा धुके दाट असते आणि काळ्या दगडावर शेवाळ असते, सायकलीसाठी ते दिवस नव्हेत. हिवाळ्यात वाटा कोरड्या असतात. एक सांगितलेच पाहिजे. हा मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा मुलूख आहे. जंगलातल्या हव्या त्या वाटेने सायकल नेता येत नाही आणि नेऊही नये. वन विभागाच्या लोकांना विचारून, वस्तीलगतच्या आणि रोजच्या वहिवाटीच्या वाटाच धराव्यात. अस्वले आणि बिबटे सांज-सकाळी फिरतात, म्हणून नऊच्या आधी आणि चारच्या नंतर नाही. फोनला सगळीकडे रेंज मिळत नाही. नानांच्या खिशात त्यांच्या औषधांची नावे, रक्तगट आणि माझा नंबर लिहिलेला कागद असतो, गळ्यात शिट्टी असते, आणि डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला दिलेली गोळी असते. ती घ्यायची वेळ आली तर आधी सायकलीवरून उतरून खाली बसायचे, कारण तिने रक्तदाब एकदम उतरतो. मधुमेही असाल तर गूळ-शेंगदाण्याची पुडीही हवी.

मी स्वतः सायकल घेतली नाही. माझ्या हाडांची घनता कमी आहे, आणि हाडे बळकट व्हायची तर त्यांच्यावर शरीराचा भार पडावा लागतो. सायकलीवर तो सीट उचलते. त्यामुळे मला चालणे सांगितले आहे. ते माझ्या पथ्यावर पडले. नाना सायकलीवर आणि मी त्यांच्या मागे चालत, असे आम्ही निघतो.

गावाच्या कडेने जाणारी ती मुरमाची गाडीवाट साधारण दीड किलोमीटरची. पहिल्या दिवशी साडेनऊला निघालो. समोर उन्हात गाविलगडाची भिंत दिसत होती. बोलण्याची कसोटी कशी घ्यायची, हा आमच्यापुढचा प्रश्न होता, कारण एकट्याने कुणाशी बोलायचे? शिक्षकाने त्यावर शिक्षकाचा तोडगा काढला. नाना मोठ्याने पाढे म्हणू लागले. एकोणतिसाचा, कारण तो त्यांच्या मते सर्वांत आडमुठा. पाढा न अडखळता चालला की श्वास ठीक, आणि मला दूरवरूनही ऐकू येणार. पहिल्या चढावर त्यांचा आवाज जरा बारीक झाला, गिअर खटकन बदलल्याचे ऐकू आले, आणि पाढा पुन्हा मोकळा झाला. मग वाट वळली आणि सायकल दिसेनाशी झाली. फक्त आवाज येत राहिला. एकोणतीस चोक एकशे सोळा. एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर.

तिथे आवाज थांबला.

मी दोन पावले चालले. काही नाही. पाण्याची बाटली माझ्या हातात होती, ती कधी खाली पडली ते कळले नाही. शिट्टीही नाही. मी धावू शकत नाही, गुडघे आणि डॉक्टर दोघांनाही ते मंजूर नाही. त्या दिवशी मी त्या वळणापर्यंत कशी गेले ते मला सांगता येणार नाही.

वळणापलीकडे म्हशींचा कळप वाट ओलांडत होता. शांतपणे, एकामागून एक, चिखलदऱ्यातल्या म्हशींना घाई म्हणून नसते. गवळ्याचा एक लहान मुलगा काठी घेऊन त्यांच्या मागे होता आणि तोंड उघडे टाकून नानांच्या सायकलीकडे पाहत होता, कारण तिची सीट नुकतीच आपोआप खाली गेली होती. नाना सायकलीशेजारी उभे होते. डाव्या बाजूला, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक दाबलेले, सायकल अंगावर कलती. त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली. शेवटची म्हैस गेली. त्यांनी सायकल कलतीच ठेवून उजवा पाय पलीकडे नेला, ती सरळ केली, अंगठ्याने कळ दाबून सीट वर आणली, मुलाकडे पाहून डोळे मिचकावले आणि पॅडल मारले.

‘‘एकोणतीस साते,’’ त्यांचा आवाज आला, ‘‘दोनशे तीन.’’

मी बाटली उचलायला मागे वळले.